वही द्या, मापटं ठेवा

डोंबिवलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा त्यांच्याच शब्दांत देते.

"माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. सासूबाई गेल्या वर्षी भाद्रपदात गेल्या. त्या दिवाळीला आमच्याकडे कढई चढली नाही. शेजाऱ्यांनी, नातलगांनी फराळाचे डबे आणून दिले, मोजून सात. आता वर्षश्राद्ध झालं, यंदा घरात दिवाळी होणार. सासूबाईंचे अनारसे सगळ्या नात्यात नावाजलेले. २०२३ च्या अधिक श्रावणात त्यांनी जावयाच्या वाणाचे ३३ अनारसे एकटीनं केले होते. मी बँकेत नोकरीला, त्यामुळे पीठ त्यांनी केव्हा केलं, कसं केलं, हे मला कधी दिसलंच नाही. संध्याकाळी घरी आल्यावर खसखशीवर थापून द्यायचं काम तेवढं माझं. यंदा नवरात्रात थोडे करून पाहिले. सगळे अनारसे हसले, म्हणजे तुपात फुटून पसरले, कढईत नुसता चुरा. यजमानांनी त्यातले दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाले, 'आई असताना असं कधी झालं नाही.' त्यांनी सहज म्हटलं असेल, पण मला रात्रभर झोप नाही. सासूबाईंच्या वहीत एवढंच आहे: 'अनारसे. तांदूळ १ मापटं, शीग लावून. तीन रात्री. गूळ बरोबरीनं. तूप बोटभर. बाकी नेहमीप्रमाणे.' ते मापटं अजून आहे, पितळी, बुडाला चेपलेलं. मी देवघरात वाती ठेवायला वापरते. आता नणंदेनं वही मागितली आहे. आईच्या हातचं अक्षर मुलीकडे असावं, असं तिचं म्हणणं. वहीची शेवटची पंधरा-वीस पानं मात्र माझ्या अक्षरात आहेत, कारण सासूबाईंचा हात थरथरायला लागल्यावर त्या सांगायच्या आणि मी लिहायचे. मुलगा म्हणतो, सगळं बाहेरून मागव. मुलगी जर्मनीत आहे, ती म्हणते ग्रॅममध्ये लिहून पाठव. मी हे सोडून द्यावं का? वही द्यावी का? आणि सात डबे कसे भरून परत करू?"

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. "बाकी नेहमीप्रमाणे." हे शब्द सासूबाईंनी स्वतःसाठी लिहिले होते. ज्या बाईनं चाळीस-पन्नास वर्षं दर आश्विनात तांदूळ भिजत घातले, तिला वही लागते ती प्रमाण चुकू नये म्हणून. तांदूळ कुठे वाळवायचा, किती वाळवायचा, पीठ कसं चाळायचं, बरणी कुठल्या फळीवर ठेवायची, तूप किती तापवायचं, यातलं काही तिनं लिहिलं नाही, कारण ते तिच्या हातात होतं. त्या वहीवरून अनारसे जमले नाहीत यात तुमचा दोष नाही. त्या वहीवरून ते कुणालाच जमले नसते.

पण ते "नेहमीप्रमाणे" हरवलेलंही नाही. ते तीन ठिकाणी विखुरलं आहे. एक भाग तुमच्याकडे: थापण्याचा आणि तळणाच्या संध्याकाळचा. दुसरा भाग तुमच्या नणंदेकडे. लग्नाआधी दर दिवाळीला ती त्या घरात होती. दुपारी शाळेतून आल्यावर पंचावर पसरलेले तांदूळ तिनं पाहिले असणार, राखणीला बसली असणार, पीठ चाळलं असणार. आणि तिसरा भाग यजमानांकडे आहे. त्यांना तसं वाटणार नाही, पण विचारून पाहा. घरातल्या मुलाला एक काम हमखास लावलेलं असे, गूळ आणायचं आणि किसायचं. कोणत्या दुकानातून आणायचा, पिवळा की काळपट, मऊ की टणक, हे त्यांना चव म्हणून नाही तरी बोटांना झालेला त्रास म्हणून आठवेल.

म्हणून वहीचं भांडण आणि अनारशाची अडचण एकाच फोननं सुटेल असं मला वाटतं. वन्संना फोन करा. वही देण्या-न देण्याचं त्या फोनवर काढू नका. म्हणा, "तांदूळ भिजत घालतेय, तुम्ही या. मला पिठाचं काही ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

हे मी इतक्या खात्रीनं सांगते, कारण माझ्या घरी हेच उलट्या रीतीनं घडलं. आई गेल्यावर तिची वही माझ्याकडे आली. धाकट्या बहिणीला ती हवी होती. मी दिली नाही. थोरली म्हणून माझा हक्क, असं मला त्या वेळी मनापासून वाटत होतं. त्या वहीत चकलीच्या भाजणीचं प्रमाण होतं: तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक, मुगाची अर्धी, मूठभर पोहे, धने-जिरे. मी पाच दिवाळ्या त्या प्रमाणानं चकल्या केल्या. काटा यायचा, रंग यायचा, पण दुसऱ्या दिवशी चकली दगडासारखी. सहाव्या वर्षी बहिणीकडे गेले तर तिच्या डब्यात आईची चकली. तिच्याकडे वही नव्हतीच. पण आईबरोबर गिरणीत तीच जायची. गव्हावर भाजणी दळायची नाही, आधी कुणाची डाळ पडली असेल तर तिच्यावर दळून घ्यायची, हे तिला ठाऊक होतं. आणि आई उकळत्या पाण्यात मोहन, तिखट, मीठ घालून त्यात भाजणी ढवळायची आणि चांगली अर्धा तास झाकून ठेवायची, हेही तिला ठाऊक होतं. मी लगेच मळायला घ्यायचे. पाच वर्षं आम्ही एकमेकींकडे दिवाळीला गेलो नव्हतो, आणि ती पाच वर्षं आता कुठून आणायची? तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

आता मापट्याकडे वळते. तुम्ही ते पत्रात ओझरतं लिहिलंत, पण मला तुमच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच वाटते. देवघरातून ते काढा, चिंचेनं घासा.

मापटं हे जुनं धान्याचं माप. दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. मापट्याच्या निम्मं चिपटं. ही मापं भरून मोजायची, तागडीवर घालून नव्हे. शेरही गावोगाव सारखा नव्हता. १९५६ च्या कायद्यानं दशमान मापं आली, १९५८ पासून बाजारात किलो दिसू लागला आणि १९६२ पर्यंत तो सगळीकडे सक्तीचा झाला. पण स्वयंपाकघरातल्या बायकांनी आपली मापटी, चिपटी, फुलपात्रं पुढेही कित्येक वर्षं सोडली नाहीत, कारण त्यांचं सगळं प्रमाण त्या भांड्यांत बसलेलं होतं. तुमच्या सासूबाईंनी वहीत "१ मापटं" लिहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे हेच, बुडाला चेपलेलं भांडं होतं. आणि त्यांनी "शीग लावून" हे मुद्दाम लिहिलं, म्हणजे काठावर टेकडी होईल इतकं भरून. सपाट भरलेल्या मापट्यात आणि शिगेच्या मापट्यात चांगल्या ओंजळभर तांदळाचा फरक पडतो.

तेव्हा वजनकाटा घ्या. मापटं शिगेनं भरून तांदूळ मोजा. पुन्हा भरा, पुन्हा मोजा, तीनदा. हाताची शीग दर वेळी थोडी वेगळी येईल, तिचा मध्य काढा. तो आकडा कागदावर लिहा. त्याच मापट्यानं किसलेला गूळ मोजा, दाबून आणि न दाबता, दोन्ही. तोही आकडा लिहा. मुलीला ग्रॅम हवेत ना, ते तुमच्याकडे या अर्ध्या तासात येतील.

आणि बहुधा इथेच तुमचे अनारसे का हसले तेही कळेल. "गूळ बरोबरीनं" म्हणजे कशाच्या बरोबरीनं? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाटतं की तुम्ही एक वाटी पिठाला एक वाटी गूळ घेतला असणार, तोही दाबून भरलेला. चाळलेलं पीठ हलकं, फुगलेलं असतं. तेवढ्याच वाटीत दाबलेला गूळ वजनानं पिठापेक्षा पुष्कळ जास्त भरतो. सासूबाईंची बरोबरी वजनाची असू शकते, किंवा भुरभुरीत किसाची. वन्संना हेच पहिल्यांदा विचारा. त्यांना आठवलं नाही, तर वजनानं पिठाच्या पाऊणपट गुळापासून सुरुवात करा. कमी पडलेला गूळ वाढवता येतो. जास्त झालेला मात्र काढता येत नाही. त्याला पीठच घालावं लागतं, म्हणून थोडं कोरडं पीठ नेहमी बाजूला राखून ठेवा.

अनारसा हसतो तो दोन कारणांनी, गूळ जास्त किंवा ओल जास्त. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो, त्याला धरून ठेवणारं फार काही नाही. गूळ तुपात वितळतो, वाफ बाहेर पडते, आणि प्रमाण सांभाळलेलं असलं की त्या वाफेच्या वाटा म्हणजेच जाळी. प्रमाण सुटलं की सगळंच मोकळं होतं आणि अनारसा कढईभर पसरतो. हसणं आणि जाळी पडणं यांत तुमच्या-माझ्या चिमटीभर पिठाचं अंतर असतं. हे अंतर ओळखायला शिकण्यातच सासूबाईंची वर्षं गेली असतील. तुम्ही एकदा केलेत आणि ते बिघडले, एवढंच झालं आहे.

पिठाचं मला जे ठाऊक आहे ते सांगते, वन्संकडून वेगळं कळलं तर त्यांचं खरं माना. तांदूळ जुना घ्या, कोलमसारखा. नवा चिकट तांदूळ नको. तीन रात्री भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी किंचित आंबूस वास येतो, तो यायलाच हवा. घरातलं कुणीतरी "हे खराब झालंय" म्हणून ओतून देईल, तेव्हा पातेल्यावर चिठ्ठी लावून ठेवा. चौथ्या सकाळी उपसून चाळणीत निथळायचा आणि पंचावर सावलीत पसरायचा. उन्हात नाही. मुठीत घेतला तर तळहाताला पाणी लागू नये, पण दाणा थंड आणि दमट लागावा, तिथे थांबायचं. खडखडीत वाळला तर गूळ मुरायला ओलच उरत नाही. मग दळून सगळ्यात बारीक चाळणीनं चाळायचं. चाळणीवर राहिलेली कणी पुन्हा दळायची, आळस करायचा नाही. एखादी जाड कणी राहिली तर अनारसा तिथेच फाटतो. किसलेला गूळ आणि ते "बोटभर" तूप घालून मळायचं, गोळे करून बरणीत दाबून ठेवायचे. पाच-सहा दिवस तरी. गूळ पिठात मुरतो आणि गोळा पहिल्या दिवसापेक्षा मऊ होतो.

गूळ कोणता, हेही पाहा. हल्ली आपण काळपट, बिनरसायनाचा म्हणून जो गूळ आणतो तो पुष्कळदा ओलसर असतो. खायला चांगला, पण अनारशाला मी तो घेत नाही. चिक्कीचा गूळही नको. साधा, पिवळा, कोरडा किसता येणारा गूळ हवा.

तळताना तूप मंद ठेवा आणि आधी एकच अनारसा सोडा. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्यानं वर तूप उडवत राहायचं. तो हसला तर राखलेलं पीठ थोडं मळा. घट्ट राहिला, जाळी पडली नाही, तर चमचाभर दूध किंवा पिकल्या केळ्याचा लहान तुकडा. मग दुसरा सोडा. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत पीठ तुम्हाला आपलं आपण सांगायला लागेल. झालेले अनारसे चाळणीत उभे लावा म्हणजे तूप निथळतं. आणि हसलेल्यांचा चुरा टाकू नका, सकाळी कोमट दुधात घालून खा. आमच्याकडे मुलं त्याच्यासाठी भांडायची.

आता यजमानांबद्दल. "आई असताना असं कधी झालं नाही," हे वाक्य तुम्हाला लागलं, ते लागणारच. सव्वीस वर्षं नोकरी करून, संध्याकाळी कढईपाशी उभं राहून, शेवटच्या आजारपणात सासूबाईंचं सगळं सांगणं उतरवून घेऊन, वर हे ऐकायचं. पण मला त्या वाक्यात तुमच्या अनारशांची तुलना कमी आणि आईची आठवण जास्त ऐकू येते. त्यांनी तो चुरा खाल्ला ना, दोन तुकडे? आईशिवायची ती पहिली कढई त्यांच्याही डोळ्यांसमोर होती. म्हणून त्या वाक्याचा जाब विचारू नका, आणि गिळूनही टाकू नका. त्यांना कामाला लावा. गूळ त्यांनी आणायचा, त्यांनीच किसायचा, आणि तळताना झारा त्यांच्या हातात. तुम्ही थापा, त्यांनी तूप उडवायचं. ज्याला ती चव सगळ्यात जवळून ठाऊक आहे त्यानं कढईपाशी उभं राहायला नको का? आईच्या हातचं हवं असेल तर आपले हात त्यात घालावे लागतात, हे त्यांना तुम्ही शब्दांत सांगायची गरज पडणार नाही. दोन किलो गूळ किसून झाल्यावर बोटंच सांगतील.

मुलाचं म्हणणं मला अर्धं पटतं. सगळा फराळ घरीच झाला पाहिजे, हा हट्ट तुम्ही सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं. एके काळी पापड हे घरोघरच्या उन्हाळ्याचं काम होतं. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. आज पुष्कळ घरांत पापड विकतचा असतो. त्यामुळे कुणाची आई कमी प्रेमळ ठरली नाही, आणि पापड लाटणाऱ्या हजारो बायकांच्या हाती स्वतःचे पैसे आले. तुमच्या गल्लीत शंकरपाळे आणि चकल्या करून विकणारी एखादी बाई असेल, तिच्याकडून घ्या. दर ठरवताना घासाघीस करू नका. लाडू, करंजी, शेव, जे तुम्हाला स्वतःला करायला आवडत नसेल ते सगळं बाहेरून येऊ द्या. तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. पत्रात तुम्ही ती मागितली नाहीत, पण ती ओळीओळीत दिसते.

अनारसे मात्र घरी करा. हट्ट म्हणून नव्हे. ते घरच्या नात्यांत गुंतलेले आहेत. अधिक महिन्यात जावयाला ३३ द्यायचे ते अनारसे, दिव्यासह, तांब्याच्या किंवा चांदीच्या ताटात. तुमच्या सासूबाईंनी ते शेवटचे ज्याला दिले तो तुमच्या नणंदेचा नवरा. ते वाण वन्संच्या घरी गेलं होतं. आईच्या हातचे ते शेवटचे ३३ त्यांनी वाटले असतील, काही जपून खाल्ले असतील. हे लक्षात घेतलंत तर वही कशासाठी मागत आहेत ते तुम्हाला उमगेल. त्यांना वहीवरून स्वयंपाक करायचा नाही. त्यांना आईचा "अ" हवा आहे, ती जशी गाठ मारायची तशी.

म्हणून माझा सल्ला: वही त्यांना द्या. यंदाची दिवाळी झाली की, भाऊबीजेला, ताटाबरोबर. त्याआधी एक काम करा. प्रत्येक पानाचा नीट प्रकाशात फोटो काढा. पाककृतींचीच नाही, सगळी पानं. मागच्या पानावर दूधवाल्याचा हिशेब असेल, कुणाकुणाला फराळ द्यायचा त्यांची नावं असतील, एखाद्या वर्षी तूप महाग म्हणून डालडा वापरल्याची नोंद असेल. ते डागही येऊ द्यात. मुलीला, मुलाला, वन्संना, सगळ्यांना ती पानं पाठवा. छापून दोन प्रती बांधून घ्या. तुमच्या अक्षरातली पानं मूळ वहीत राहतील याचं वाईट वाटू देऊ नका. वन्सं जेव्हा ती वही उघडतील तेव्हा शेवटच्या पंधरा-वीस पानांवर त्यांना दिसेल की आईचा हात चालेना तेव्हा कुणाचा हात चालला. ते त्यांनी पाहायला हवंच आहे.

मापटं मात्र देऊ नका, कुणी मागितलं तरी. पाककृती कॉपी होते, भांडं होत नाही. माझ्या आईचं फुलपात्र भावानं घर बदलताना मोडीत घातलं, पितळेचे किलोवर पैसे घेऊन. त्याला काय ठाऊक. तिचं आंब्याच्या लोणच्याचं सगळं माप त्या एका फुलपात्रावर होतं, आणि मी आजही "दोन फुलपात्रं मोहरीची डाळ" या ओळीपुढे नुसती बसून राहते. तुम्ही मापट्याचं वजन काढाल तेव्हा तो आकडा वहीत त्याच पानावर, "बाकी नेहमीप्रमाणे" च्या खाली, तुमच्या अक्षरात लिहा, तारखेसकट. वन्संनी सांगितलेलंही तिथेच लिहा. वही देण्याआधी ते पान पुरं झालेलं असू द्या.

मुलीसाठी थोडं वेगळं सांगते. तिला नुसते ग्रॅम पाठवलेत तर तिचेही हसतील. तुम्ही इथे ज्या दिवशी तांदूळ भिजत घालाल त्याच दिवशी तिला तिथे घालायला सांगा, मूठभरच. तिथल्या थंडीत तांदूळ हळू आंबेल, एखादी रात्र जास्त लागली तर लागू द्या. वासावर जायला सांगा. तूप तिनं बिनमिठाचं लोणी कढवून करावं. खसखस मिळेल, जर्मनीत ती पावाला आणि केकला सर्रास वापरतात, फक्त निळसर काळी मिळेल, त्यानं काही बिघडत नाही. आणि आसपास कुणी तमिळ, तेलुगू किंवा कन्नड मैत्रीण असेल तर तिलाही विचारायला सांगा. अधिरसम, अरिसेलु, कज्जाय ही आपल्या अनारशाचीच भावंडं आहेत, भिजवलेल्या तांदळाची आणि गुळाची. ते गुळाचा पाक करून पीठ घालतात, आपण कच्चा गूळ मळतो. दोघींनी मिळून केलं तर एकीचं हसलं तरी दुसरीचं जमेल.

आता ते सात डबे. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आपल्याकडची फार चांगली रीत आहे, ती पाळाच. पण त्यांनी आठ जिन्नस दिले म्हणून तुम्हीही आठ द्यायचे, असा काही हिशेब नाही. दुःखाच्या घरी आलेल्या डब्याची परतफेड करायची नसते. त्यांनी तुमच्या घरची कढई चढणार नाही हे लक्षात ठेवलं, त्यांना आता तुमची कढई चढली एवढं कळायला हवं. प्रत्येक डब्यात चार अनारसे आणि विकतचं काही. सगळ्यात जमलेले कोणते ते वेगळे काढून स्वतःच्या घरी ठेवू नका, आणि सगळेच देऊनही टाकू नका. आणि डबे तुम्ही एकटीनं फिरवू नका, मुलाला बरोबर न्या. बाहेरून मागव म्हणणाऱ्यानं त्या सात दारांत उभं राहून लोक सासूबाईंबद्दल काय बोलतात ते ऐकावं.

दिवस मोजून देते, म्हणजे घाई होणार नाही. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला, तांदूळ भिजत घाला. चतुर्थीला सकाळी उपसा, दुपारी दळा, संध्याकाळी गूळ घालून बरणीत भरा. वन्संना त्याच दिवशी बोलवा, जेवायला थांबवा. दशमीला एक अनारसा तळून पाहा. वसुबारसेच्या आधी बाकीचे होतील. पहिला जमला तर देवापुढे, आणि पहिला हसला तर वाईट वाटून घेऊ नका, राखलेलं पीठ जवळ ठेवा आणि दुसरा थापायला घ्या. तो यजमानांना सोडू द्या.